मापाडी आणि वहीबाई

त्याला सगळे मापाडी म्हणत. बाजारात धान्य मोजतो तो मापाडी, हा माणसं मोजायचा, एवढाच काय तो फरक. संशोधन केंद्राच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून त्याची खोली होती. खोलीत एक वजनकाटा, भिंतीला ठोकलेली उंचीची पट्टी, एक टेप, एक पडदा, तीन खुर्च्या आणि निळ्या डबीत जपून ठेवलेला चिमटा. कागदोपत्री त्याला कॅलिपर म्हणतात, पण केंद्रात सगळ्यांच्या तोंडी चिमटाच. काम सोपं दिसायचं. दंडाच्या मागच्या बाजूची कातडी अंगठ्याने आणि बोटाने उचलून धरायची, तिला चिमटा लावायचा, मूठ सैल सोडायची, आणि कातडीखाली चरबीचा थर केवढा आहे तो चिमट्याच्या तबकडीवर मिलिमीटरमध्ये वाचायचा. मग पाठीवर खांद्याच्या पात्याखाली तेच, मग कमरेच्या वर तेच. सोपं दिसणारं काम करून पाहावं म्हणजे कळतं.

अठरा वर्षं तो हेच करत आला होता. शहरातली तीन हजार माणसं निवडलेली होती, आणि त्यातल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा येऊन स्वतःला मोजू द्यायचं, असा तो अभ्यास. माणूस वयाबरोबर कुठे भरतो आणि कुठे वाळतो, एवढंच शोधायचं होतं. पण एवढंच शोधायला पिढी खर्ची पडते. मापाडी डॉक्टर नव्हता की शास्त्रज्ञ नव्हता. त्याला फक्त मोजता यायचं, आणि ते मात्र असं यायचं की बोलायची सोय नाही. अधूनमधून बाहेरून एक परीक्षक यायचा. त्याच दहा माणसांना आधी परीक्षक मोजायचा, मग मापाडी, आणि दोघांचे आकडे शेजारी मांडून पाहायचे. मापाडीचा आकडा असा जाऊन जुळायचा की एकदा परीक्षकच म्हणाला, आता तुम्हीच मला तपासत जा. अचूकतेचं प्रमाणपत्र त्याच्या खुर्चीमागे चौकटीत लावलेलं होतं. कोणी कौतुक केलं की तो म्हणायचा, त्यात काय, हातचा मळ आहे. पण रोज सकाळी आल्यावर आधी चौकटीवरची धूळ पुसायचा आणि मग काट्यावरची.

रस्त्यात भेटलेल्या माणसाचं नाव त्याला कधी आठवायचं नाही, आकडा आठवायचा. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणजे कंबर एकशे दोन. समोरच्या शाळेतली शिक्षिका म्हणजे उंची एकशे एकावन्न पॉइंट चार. न्हाव्याने एकदा त्याचे केस कापता कापता विचारलं होतं, की एकशे दोन म्हणजे बरं की वाईट? मापाडी आरशात बघत गप्प बसला. आकडा सांगायचा, त्याचा अर्थ सांगायचा नाही, तो डॉक्टरांचा प्रांत, असा नियम होता. नियम पाळता पाळता तो माणसाच्या अंगात मुरतो. न्हाव्याने त्या दिवशी कानशिलाजवळ जरा जास्तच जोरात वस्तरा फिरवला म्हणतात.

घरी तर बोलायला कोणी नव्हतंच. बायको जाऊन बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. थोरली बहीण, अक्का, दूरच्या गावी होती, ती दर रविवारी सकाळी फोन करून जेवलास का विचारायची. सकाळी नऊ वाजता काय जेवणार? पण तिचं आपलं तेच. दिवसभरात दहा-बारा माणसांच्या दंडाला त्याचा हात लागायचा, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवणारं मात्र कोणी उरलं नव्हतं. त्याबद्दल आपली काही तक्रार नाही, असा त्याचा समज होता.

आता वहीबाईंचं सांगायला हवं. मोजणीचं काम एकट्याचं नसतंच मुळी. एकाने मोजायचं आणि मोठ्याने आकडा म्हणायचा, दुसऱ्याने तोच आकडा परत म्हणायचा आणि मग लिहायचा. ऐकण्यात चूक नको, लिहिण्यात चूक नको. परत म्हटला गेला नाही तो आकडा झालाच नाही असं समजून मोजणाऱ्याने पुन्हा सांगायचा. प्रत्येक माप दोनदा घ्यायचं, आणि दोन्हीत फरक पडला तर तिसऱ्यांदा. वहीबाई ही त्यातली दुसरी. मापाडी म्हणायचा, “चौदा पॉइंट दोन.” ती म्हणायची, “चौदा पॉइंट दोन,” आणि लिहून झालं की हळूच, “लिहिलं.” अठरा वर्षं. आपल्या बोलण्याची कोणी इतकी निमूट री ओढावी, हे भाग्य भल्याभल्यांना लाभत नाही. केंद्रातले टवाळ म्हणायचे की लग्नाची जोडपीसुद्धा एकमेकांचं एवढं ऐकत नाहीत. दोघंही हसायचे नाहीत आणि रागवायचेही नाहीत. आकड्यांपलीकडे त्यांच्यात बोलणं असं नव्हतंच. तो तिला बाई म्हणायचा, ती त्याला अहो.

आठ महिन्यांपूर्वी ती निवृत्त झाली. साठ वर्षं पूर्ण झाली होती, आणि डोळेही अधू झाले होते, रेघेवरचा आकडा खालच्या रेघेवर जायला लागला होता. चहापाणी झालं, कोणी दोन शब्द बोललं, तिला एक शाल दिली. मापाडीला बोला म्हटलं तर तो उठला आणि “बरं मग,” म्हणून खाली बसला. सगळे हसले. तिने जाताना वहीच्या पानाचा एक चतकोर तुकडा त्याच्या हातात दिला, त्यावर घराचा पत्ता होता. कधी आलात तर, एवढंच ती म्हणाली. तो तुकडा त्याने चिमट्याच्या डबीत, तळाशी ठेवला आणि वर चिमटा ठेवला.

तिच्या जागी माणूस आला नाही, टॅब आला. आकडा आपणच मोजायचा, आपणच टॅबमध्ये टाकायचा. मापाडी तरी सवयीने आकडा मोठ्याने म्हणायचा. म्हणून झाला की क्षणभर थांबायचा. समोरचा माणूस त्याच्याकडे बघायचा, तो टॅबकडे बघायचा, आणि मग बोटाने आकडा टाकायचा. तिची खुर्ची तिथेच होती, तिच्यावर आता येणारी माणसं आपले कोट आणि पिशव्या ठेवत.

असे आठ महिने गेले आणि एका गुरुवारी मॅडमनी त्याला वर बोलावलं. मॅडम म्हणजे अभ्यासाच्या प्रमुख, वयाने त्याच्या मुलीसारख्या, त्याला काका म्हणायच्या. बोलावल्यावर आधी खुर्ची दिली, तिथेच काहीतरी बिनसलंय हे त्याने ओळखलं. संगणकावर एक आलेख होता. अठरा वर्षं सरळ चाललेली रेघ शेवटच्या आठ महिन्यांत खाली घसरली होती. मॅडमनी समजावून सांगितलं की वजनं जिथल्या तिथे आहेत, कमरा जिथल्या तिथे आहेत, पण चिमट्याचे आकडे सगळ्यांचेच एक-दीड मिलिमीटरने उतरलेत. माणसाचं वजन तेवढंच, कंबर तेवढीच, आणि चरबी तेवढी कमी, हे व्हायचं कसं? मापाडी म्हणाला, लोकांची चरबी उतरली असेल, चांगलंच आहे. मॅडम हसल्या नाहीत. चिमटा तपासून आणला होता. चिमट्यात खोट नव्हती.

चिमट्यात नाही म्हणजे हातात. ते मॅडम बोलल्या नाहीत, पण कळायचं ते कळलं. पुढच्या शुक्रवारी परीक्षक येणार होता. दहा माणसं, नेहमीसारखीच. त्यात आकडे जुळले तर ठीक, नाहीतर चिमटा दुसऱ्या कोणाकडे द्यावा लागेल. निवृत्तीला दोन वर्षं आहेत काका, तेवढी तुम्ही कागदपत्रांच्या खोलीत काढा, तिथे शांत असतं, असं त्या म्हणाल्या. चांगल्या मनानेच म्हणाल्या. मापाडीच्या कानात फक्त शेवटचे शब्द राहिले. शांत असतं.

खाली येऊन त्याने आधी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घातल्या. टॅबला घातल्या, आलेख काढणाऱ्याला घातल्या, हल्ली उपाशी राहून बारीक होणाऱ्या लोकांना घातल्या. अठरा वर्षं ज्या हाताने प्रमाणपत्र आणलं तो हात आठ महिन्यांत फिरतो होय? मग राग ओसरला आणि भीती वर आली. काट्यावर माणूस स्वतः चढतो, पट्टीखाली स्वतः उभा राहतो. चिमटा एवढा एकच असा की ज्यात दुसऱ्याच्या अंगाला हात लावावा लागतो. हात आधी चोळून गरम करायचा, आधी विचारायचं, लावू का? माणसं बाही वर करायची आणि विश्वासाने दंड पुढे करायची. कोणी सांगायचं, परवा पडले होते तिथे, जरा जपून. तो जपायचा. ते गेलं तर दिवसभरात आपला हात कशाकशाला लागेल याची त्याने मनात मोजदाद केली. फायली, दाराची कडी, कुलूप.

सराव करायचा म्हणून त्याने सरावाचा जुना चिमटा सही करून घरी नेला. आणि घरी गेल्यावर लक्षात आलं की सराव करायला दंड कुठे आहे? स्वतःचा दंड स्वतःला मोजता येत नाही, त्याला दोन हात लागतात आणि तिसरा मोजायचा. शेजाऱ्यांचं दार वाजवून त्याने विचारलं, जरा तुमचा दंड मिळेल का? शेजारी चांगला माणूस होता, पण असं कोणी विचारलं तर चांगला माणूससुद्धा काय म्हणणार? तो म्हणाला, आत्ता जरा घाईत आहे, आणि दार हळू लावून घेतलं. मापाडीने मग स्वतःच्या पोटरीवर सराव केला. समोर घड्याळ ठेवलं. चिमटा लावला, मूठ सोडली, काटा दोन सेकंद सरकला की वाचलं, कारण नियम तसाच आहे. दोन सेकंदांच्या आत वाचलं तर आकडा जास्त येतो, उशीर केला तर चिमट्याखाली चरबी दबत जाते आणि आकडा उतरतो. सतरा पॉइंट चार. पुन्हा सतरा पॉइंट चार. चूक काही सापडेना. घरी हात बरोबर आणि केंद्रात वाकडा, हे गौडबंगाल त्याला उलगडेना.

रविवारी सकाळी अक्काचा फोन आला. जेवलास का झालं, आणि त्याचा आवाज ऐकून ती म्हणाली, धाकट्या, काय झालंय ते सांग. त्याने सांगितलं. तिला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण थोरल्या बहिणींना निम्म्यावर भागतं. ती म्हणाली, तुझ्यासमोर अठरा वर्षं बसलेल्या त्या बाईंना विचार की. तुझा हात तुझ्यापेक्षा त्यांनी जास्त बघितलाय. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

पत्त्याचा तुकडा केंद्रातल्या डबीत होता, पण चिमटा काढताना रोज दिसून दिसून पत्ता त्याला पाठ झाला होता. दुपारी तो गेला. जुनी चार मजली इमारत, वहीबाई तिसऱ्या मजल्यावर. तिने दार उघडलं, डोळे बारीक करून बघितलं, आणि त्याने “बाई” म्हटल्यावर तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. आवाजानेच ओळखलं तुम्हाला, असं ती म्हणाली. एकच खोली, पलीकडे स्वयंपाकाची जागा. सगळं आवरलेलं, इतकं की तिथे कोणी राहतं हे सांगावं लागावं. टेबलाजवळ एक खुर्ची होती, दुसरी तिने आतून ओढत आणली, तिच्यावरचे वर्तमानपत्रांचे गठ्ठे आधी खाली उतरवले. चहा झाला. त्याला कप दिला, स्वतः पेल्यातून घेतला. भिंतीवरचं कॅलेंडर दोन महिने मागे होतं.

त्याने सगळं सांगितलं. अठरा वर्षांत तो तिच्याशी एवढं कधी बोलला नव्हता, आणि बोलताना त्याला जाणवलं की तिला सांगणं सोपं आहे, ती मध्ये बोलत नाही. ऐकून झाल्यावर तिने प्रश्न विचारले नाहीत. डाव्या हाताची बाही खांद्यापर्यंत वर केली आणि म्हणाली, “घ्या.”

त्याने हात चोळले. लावू का, असं सवयीने विचारलं. दंडाच्या मागे, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, पेनाने खूण केली. कातडी उचलली, चिमटा लावला, मूठ सोडली. टेबलावर टक टक असं वाजलं आणि त्याने वाचलं. “आठ पॉइंट दोन.”

“आठ पॉइंट दोन,” ती म्हणाली.

पुन्हा घेतलं. टक टक. “आठ पॉइंट दोन.” ती तेच म्हणाली. हात जागेवर आला होता. आठ महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी जिथल्या तिथे जाऊन बसल्यासारखं त्याला वाटलं, आणि मग त्याची नजर तिच्या उजव्या हाताकडे गेली. तिचं बोट अजून टेबलावर होतं.

“हे काय वाजवताय?”

तिलाही क्षणभर कळलं नाही. मग ती हसली. “अहो, तुम्हीच नाही का सांगितलंत? अगदी पहिल्या दिवशी. मी मूठ सोडली की दोन मोजत जा, दोन झाले की मी वाचतो. तोंडाने मोजलं तर समोरच्या माणसाला कसंसंच वाटेल, म्हणून मी आपलं पेनाने वहीवर वाजवायचे.”

तो सांगून विसरला होता. ती अठरा वर्षं वाजवत होती. घड्याळाची टिकटिक ते बंद पडेपर्यंत कानावर येत नाही तशी ती टकटक त्याच्या कानावर कधी आलीच नव्हती, पण हाताला ऐकू येत होती. हाताने दोन सेकंद कधी मोजलेच नव्हते. घरी घड्याळाकडे बघून केलं म्हणून बरोबर आलं. केंद्रात मूठ सोडल्यावर हात तिची वाट बघत राहायचा, चार सेकंद, पाच सेकंद, आणि कोणी वाजवत नाही असं बघून मग नाइलाजाने वाचायचा. तोवर चिमट्याखाली चरबी दबलेली असायची. त्याने मनात हिशेब केला. वर्षाला तीन हजार माणसं, तीन जागा, दोनदा. अठरा वर्षांत ती तीन लाखांहून जास्त वेळा त्याच्यासाठी दोन मोजत बसली होती, आणि चौकटीतल्या प्रमाणपत्रावर नाव एकट्याचं होतं.

“बरं मग,” म्हणून तो उठला. ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, शुक्रवारचं काय होतं ते कळवा.

जिना उतरताना तो खरोखर हवेत होता. दोन्ही आकडे जुळले, दशांशापर्यंत जुळले. आठ पॉइंट दोन, आठ पॉइंट दोन. पहिल्या मजल्याच्या वळणावर त्याचा पाय थांबला. आठ?

अठरा वर्षांपूर्वी, शिकाऊ असताना, दोघांनी एकमेकांवरच सराव केला होता. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर तिचा दंड होता, एकोणीस पॉइंट सहा. आकडे तो विसरत नाही. साठीच्या बाईच्या दंडावर आठ म्हणजे काय, हे त्याला कोणा डॉक्टराने सांगायची गरज नव्हती. कातडी बोटात आली तेव्हा ती पातळ, सुटी होती, हाताला कळलं होतं, पण त्याचं लक्ष दोन्ही मापं जुळतात का यावर. तिच्या स्वयंपाकाच्या जागेतली कोरडी ठणठणीत मोरी त्याला आता आठवली. चहाबरोबर तिने काही पुढे केलं नव्हतं, कारण घरात काही नसावं. डोळ्यांना दिसत नाही, बाजारात जाणं होत नाही, आणि एकटीसाठी कशाला शिजवायचं म्हणून दुपार टळते, मग संध्याकाळही टळते. हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याची स्वतःची संध्याकाळ तशीच टळायची. आयुष्यभर लोकांच्या अंगावरचं मांस मोजलं, आणि समोर वाळत चाललेलं माणूस बघून हा गडी आकडे जुळले म्हणून खूश होऊन निघाला. त्याला स्वतःची लाज वाटली. परत वर जावं म्हणून त्याने कठड्याला हात लावला. पण वर जाऊन म्हणायचं काय? आकड्याचा अर्थ सांगायचा नाही. तो घरी गेला.

शुक्रवारी परीक्षक आला. दहा माणसं ओळीने बाकावर बसली. मापाडीने चिमटा लावला, मूठ सोडली, आणि बुटाची टाच जमिनीवर दोनदा आपटली. पहिल्या माणसाने खाली वाकून बघितलं. दहाही माणसं झाली, आकडे शेजारी मांडले, आणि ते असे जुळले की परीक्षक मान हलवून चहा प्यायला गेला. मॅडमनी कारण विचारलं, मापाडीने सांगितलं, आणि टाच न आपटता तीन माणसं मोजून फरकही दाखवला. चिमटा तुमच्याकडेच राहील, असं मॅडम म्हणाल्या. टॅबमध्ये दोन सेकंदांनी वाजणारी घंटी बसवता येते, सोमवारपर्यंत बसवून देऊ. आणखी एक माणूस मिळेल का, असं त्याने विचारलं. तेवढं जमणार नाही, काका, असं त्या म्हणाल्या.

आठ महिन्यांचे चिमट्याचे आकडे मात्र बाद करावे लागले. कधी चार सेकंद, कधी सहा, कोणाच्या वेळी किती ते कसं सांगणार? अठराशे सत्तर माणसांनी बाह्या वर केल्या होत्या, ते सगळं पाण्यात. बाद केल्याचा एक अर्ज भरायचा असतो, त्यात चूक का झाली ते लिहायला तीन ओळी असतात. मापाडीने एकच लिहिली. मॅडमनी ती वाचली आणि म्हणाल्या, काका, हे असं नाही लिहीत. तांत्रिक कारण द्यावं लागतं.

“तांत्रिकच आहे, मॅडम. नियमात दोन माणसं लिहिली आहेत.”

मॅडमनी ती ओळ पुन्हा वाचली. मोजणारा एकटा होता, असं लिहिलं होतं. त्यांनी खाली सही केली.

त्याच संध्याकाळी तो घरी गेला, हात धुतले, आणि बऱ्याच दिवसांनी गॅसच्या दोन्ही शेगड्या पेटवल्या. त्याला फारसं काही येत नव्हतं, जे येत होतं ते केलं, दोघांना पुरेल एवढं. डबा घेऊन तीन मजले चढला. वहीबाईने दार उघडलं. तो बोलायच्या आधीच ती म्हणाली, “जुळले ना?”

“जुळले.”

तिने मान हलवली. दुसरी खुर्ची रविवारपासून टेबलाजवळच होती, गठ्ठे परत तिच्यावर चढले नव्हते. तो बसला. डबा मांडीवरच धरला. मग अठरा वर्षं पाळलेला नियम त्याने मोडला.

“तुमचा आकडा आठ पॉइंट दोन आला होता.”

“आठ पॉइंट दोन,” ती सवयीने म्हणाली.

“पहिल्या दिवशी एकोणीस पॉइंट सहा होता.”

ती काही बोलली नाही. तो थांबला. परत म्हटला गेला नाही तो आकडा पुन्हा सांगायचा असतो.

“एकोणीस पॉइंट सहा, बाई. तुम्ही जेवत नाही.”

तिने बाही ओढून मनगटापर्यंत खाली घेतली. दिसत नाही नीट, भाजी चिरताना बोट कापतं, असं ती टेबलाकडे बघत म्हणाली. मग म्हणाली, ते काही खरं नाही, चिरता येतं. पण एकटीपुरतं शिजवून पान वाढलं की समोर कोणी नसतं, आणि घास उतरत नाही. आठ महिने झाले. तुमचे आकडे ऐकू आले नाहीत की दिवस झाला असं वाटतच नाही, हसू नका.

तो हसला नाही. मलाही करमत नाही, एवढं त्याला बोलता आलं, आणि बोलल्यावर त्याचे कान लाल झाले. मग त्याने डबा टेबलावर ठेवला.

“मी डबा घेऊन येत जाईन. आठवड्यातून दोनदा.”

“दोनदा,” वहीबाई म्हणाली. तिने डबा हाताने चाचपून पाहिला. मग म्हणाली, “आणि फरक पडला तर तिसऱ्यांदा.”

मापाडीने टेबलावर बोटाने दोनदा वाजवलं आणि डब्याचं झाकण उघडलं.